कयफाचा झगा

गेल्या उपवासकाळातील एका शुक्रवारची ही गोष्ट. क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपून आम्ही घरी परतलो होतो. खुर्चीत टेकतो न टेकतो तोच दहावीत शिकणाऱ्या आमच्या कन्येच्या हातातील मोबाइलकडे लक्ष गेले. पडद्यावर लांब झगा घातलेला एक टक्कल पडलेला धर्मपुरुष उंच जागी उभा राहून जमावाला आशीर्वाद देत होता आणि थोड्याच वेळात तोच गृहस्थ बंद दाराआड आपल्या भोळ्या भक्तांची टर उडवीत होता. त्याला सारे ‘फादर’ म्हणत होते. आम्ही काही न विचारता मोबाइल काढून घेतला. तासाभरापूर्वी प्रभूच्या दुःखसहनावर चिंतन करून आलेल्या माणसाला शोभणार नाहीत असे चार शब्दही बोललो.

मुलगी रडली नाही. एवढेच म्हणाली, “बाबा, तुम्ही पूर्ण पाहिलं नाही, मग बंद केलं काऊन?”

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून ती मालिका आम्ही तिच्या शेजारी बसून पहिल्यापासून पाहिली. एकूण चौसष्ट भाग. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यातील कित्येक रात्री त्यात गेल्या, आणि हे सांगण्यास संकोच वाटत असला तरी सांगतो की अखेरीस आम्ही त्या मालिकेचे चाहते झालो. त्या पाहण्यातून जे प्रश्न उभे राहिले ते वाचकांपुढे मांडावेत, कारण आमच्यासारखे आईबाप प्रत्येक धर्मग्रामात आहेत आणि अशी मुलेही प्रत्येक घरात आहेत.

जपानी शैलीतील या चित्रमालिकांना ‘ॲनिमे’ म्हणतात. आमच्या पिढीला त्या अगदीच परक्या नाहीत. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी ‘जंगल बुक’ लागत असे, ती मालिका जपानमध्येच तयार झाली होती, आणि तिच्या हिंदी रूपात शेरखानाला आवाज होता आपल्या नाना पाटेकरांचा. त्या वाघाला आम्ही घाबरलो, पण त्याच्यामुळे वाघांचा द्वेष करायला शिकलो नाही. मग झग्यातल्या खलनायकाने आमचा इतका संताप का व्हावा?

आमच्या कन्येची मालिका होती ‘फुलमेटल अल्केमिस्ट’. हिरोमु आराकावा या चित्रकथाकार बाईंनी ती २००१ ते २०१० या काळात लिहिली आणि रेखाटली. एडवर्ड आणि आल्फोन्स हे दोन भाऊ किमयागार आहेत. मेलेल्या आईला परत आणण्यासाठी ते निषिद्ध किमया करतात. आई परत येत नाहीच, उलट एकाचा हातपाय जातो आणि दुसऱ्याचे सारे शरीरच नाहीसे होते. हे दोघे भाऊ फिरत फिरत लिओर नावाच्या गावी येतात. तेथे कॉर्नेलो हा सूर्यदेवाचा धर्मप्रमुख ‘चमत्कार’ करीत असतो. रोझ नावाच्या अनाथ मुलीचा प्रियकर मरण पावलेला असतो. देवाची सेवा करीत राहा, तो परत येईल, असे आश्वासन कॉर्नेलोने तिला दिलेले असते. चमत्कार म्हणजे एका लाल खड्याची करामत, आणि भक्त म्हणजे मरणाला न भिणारे फुकटचे सैनिक, हे त्याचे खरे गणित. एडवर्ड ते उघडे पाडतो.

येथे एक बारकावा नोंदवला पाहिजे. मूळ जपानीत कॉर्नेलोला जी पदवी आहे ती पंथप्रमुख अशा अर्थाची आहे. ‘फादर’ हा शब्द इंग्रजी भाषांतरकारांनी घातलेला. म्हणजे आमच्या रागाचा अर्धा भाग भाषांतरामुळे निर्माण झाला होता. उरलेल्या अर्ध्याचे काय, हा खरा प्रश्न.

तो सोडवताना आम्हांला आमचे तरुणपण आठवले. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली, धान घरात आले की गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके चालतात. मंडप भरून लोक बसलेले असतात. खलनायक रंगमंचावर आला की बाया बोटे मोडतात, म्हातारे शिव्या घालतात. पहाटे नाटक संपले की तोच नट त्याच बायांच्या हातचा चहा पिताना दिसतो. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला नट आणि पात्र यांतील भेद कोणी शिकवावा लागत नाही. त्या नाटकांतून ढोंगी बुवाही येतात आणि सारे गाव हसते, पण त्यामुळे गावातील देवळे ओस पडल्याचे आम्ही पाहिले नाही. विदर्भाच्या या मातीत तर गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कीर्तनात उभे राहूनच देवाच्या नावावर चालणाऱ्या फसवणुकीवर आणि नवसाच्या बोकडांवर झाडू फिरवला. धर्मावरची टीका येथे बाहेरून आलेली नाही. ती देवाचे नाव घेणाऱ्यांनीच केलेली आहे.

आणि आमच्या स्वतःच्या उंबऱ्याच्या आत काय होते? तरुणपणी आमच्या लहानशा धर्मग्रामात गुड फ्रायडेला प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक होत असे. ख्रिस्त व्हायला चौघे तयार, पिलात व्हायलाही कोणी ना कोणी पुढे येई, पण कयफा व्हायला कोणीच तयार नसे. एके वर्षी ते पात्र आमच्या गळ्यात पडले. आईच्या जांभळ्या लुगड्याचा झगा शिवला, दाढी लावली. देवाचा प्रमुख याजक या नात्याने उभे राहून आम्ही भर सभेत सांगितले की सगळे राष्ट्र बुडण्यापेक्षा एका माणसाने मेलेले बरे. नाटक संपल्यावर एका आजीबाईंनी आमच्याशी बोलणे टाकले, ते थेट पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत!

तेव्हा जे सुचले नाही ते आता सुचते. आमच्या सर्वांत पवित्र नाटकातला खलनायक झगाच घालतो. प्रभू येशूने जे अत्यंत कठोर शब्द उच्चारले ते जकातदारांना किंवा पतित स्त्रियांना उद्देशून नव्हेत. ते शास्त्री आणि परुशी यांना, म्हणजे धर्म जपणाऱ्यांना उद्देशून होते. संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय आपण चर्चमध्ये उभे राहून ऐकतो आणि ‘प्रभो, तुझी स्तुती असो’ म्हणतो. मग तेच एखाद्या चित्रकथेने सांगितले तर मोबाइल का हिसकावतो?

तथापि, दुसरी बाजूही खरी आहे आणि ती आम्ही मुलीपुढे मांडली. खलनायकाला वेष लागतो आणि वेष एका समाजाचा असतो. कयफाच्या पात्राचेच पाहा. दुःखसहनाची नाटके पाहून घरी जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी युरोपात शतकानुशतके शेजारच्या यहुदी माणसावर राग काढला. एका याजकाचे पाप साऱ्या वंशाच्या माथी मारले गेले. अखेर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट सांगितले की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सर्व यहुदी लोकांवर अथवा आजच्या यहुदी लोकांवर सरसकट ठेवता येणार नाही. खलनायकाचे चित्र किती दूरवर जखम करू शकते, याचा धडा आपल्याच घरात आहे. हिंदी चित्रपटांनी कित्येक वर्षे दारू विकणारा किंवा तस्कराचा साथीदार म्हटला की त्याचे नाव रॉबर्ट ठेवले, तेव्हा आपल्यालाही ते लागलेच होते.

जपानी कथांत झगा आणि क्रूस इतक्या वेळा का दिसतात, याचेही कारण समजून घ्यावे. त्या देशात ख्रिस्ती माणसे शंभरात जेमतेम एक. बहुतेकांनी धर्मगुरू पाहिला असेल तर तो पडद्यावर. त्यांना चर्च हे एक अद्भुत, परदेशी, गूढ नेपथ्य वाटते. मात्र त्या भूमीशी आपले नाते नेपथ्याचे नाही. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर ठार मारण्यात आले. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. १६१४ पासून १८७३ पर्यंत जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती. त्या काळात कित्येक घराण्यांनी धर्मगुरूंविना, ग्रंथाविना, पिढ्यानपिढ्या लपूनछपून प्रार्थना जपली. आमच्या कन्येने हे ऐकले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. तिला जपान ठाऊक होता तो चित्रकथांचा. त्या जपानात आपल्या मराठी मातीतील एका माणसाचे रक्त सांडले आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. ते न सांगण्याचा दोष चित्रकथाकारांचा नव्हे, तो आमचा.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत आपल्या भीतीपेक्षा मोठी आहे. ४ डिसेंबर १९६३ च्या ‘इंटर मिरिफिका’ या आदेशपत्रात विश्वपरिषद म्हणते की कलेत दुष्टपणाचे चित्रण केल्याने मनुष्याचे सखोल ज्ञान होऊ शकते आणि सत्य व चांगुलपणा अधिक उजळून दिसू शकतात. अट एवढीच की ते चित्रण नीतीच्या मर्यादेत असावे आणि आत्म्याला अपाय करणारे नसावे. पुढे १९६५ च्या ‘गाउदियुम एत स्पेस’ या संविधानाच्या एकोणिसाव्या परिच्छेदात तर परिषदेने आपल्यालाच आरशासमोर उभे केले आहे. नास्तिकता वाढण्यात श्रद्धावंतांचाही वाटा असू शकतो. आपले अज्ञान, चुकीची शिकवण आणि सदोष आचरण यांमुळे आपण देवाचे खरे मुख दाखवण्याऐवजी झाकून टाकतो. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी इतिहासात केलेल्या पापांबद्दल जाहीरपणे देवाजवळ क्षमा मागितली. आणि २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठी व्हॅटिकनने जी ‘लूचे’ नावाची छोटी यात्रेकरू मुलगी चित्रित करून घेतली, तिचे टपोरे डोळे थेट ॲनिमेच्या वळणाचे होते! रोम ज्या चित्रभाषेला घाबरले नाही तिला भंडाऱ्याने का घाबरावे?

तरीही आमच्या मुलीचा खरा प्रश्न अजून बाकी होता. तो तिने एका रात्री विचारला : “बाबा, कॉर्नेलो खोटा आहे हे आपल्याला दिसतं, कारण कॅमेरा आपल्याला त्याच्या खोलीत नेतो. रोझला कोण नेणार? आपल्याला तरी कसं कळणार, कोण खरा अन् कोण खोटा?”

प्रश्न साधा नाही. झगा पाहून कळत नाही. चमत्कार पाहूनही कळत नाही. आणि टीकाकाराने पडदा फाडला एवढ्याने माणसाचे दुःख संपत नाही, हे त्या कथेलाही ठाऊक आहे. एडवर्ड रोझला सांगतो की तुझे पाय धडधाकट आहेत, उठ आणि चाल. आणि स्वतः गाव सोडून जातो. पुढे त्या गावात दंगल पेटते, माणसे मरतात. कथा नंतर पुन्हा तेथे नेते तेव्हा रोझ मोडलेल्या गावाच्या उभारणीत कष्टकऱ्यांना अन्न वाढताना दिसते. खोटी आशा काढून घेणे सोपे, खरी आशा देणे कठीण. धर्मावर टीका करणाऱ्या तरुणांनी हे विसरू नये, असे आम्हांला वाटते.

मात्र खऱ्याखोट्याची खूण या कथेच्या मुख्य खलनायकाने आम्हांला दाखवली. त्यालाही ‘फादर’ म्हणतात. त्याला परिपूर्ण व्हायचे असते, देवालाच गिळून त्याच्या जागी बसायचे असते. म्हणून तो आपल्या अंतरातील पापे एकेक करून बाहेर काढतो आणि प्रत्येकाला स्वतंत्र देह देतो : गर्व, कामवासना, लोभ, मत्सर, आळस, खादाडपणा, क्रोध. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण पाठ केलेली हीच ती सात मुख्य पापे! ती बाहेर काढल्यावर तो स्वतःला निर्मळ समजू लागतो. पण पापे नाहीशी झालेली नसतात. ती त्याची लेकरे म्हणून जगभर हिंडतात, माणसे मारतात, आणि तो सिंहासनावर शांत बसलेला असतो. पाप आपल्याबाहेर आहे असे ज्याला वाटते, त्याचे पाप इतरांना भोगावे लागते.

‘डेथ नोट’ या दुसऱ्या गाजलेल्या मालिकेतही हेच आहे. लाइट यागामी हा हुशार विद्यार्थी गुन्हेगारांची नावे एका वहीत लिहून त्यांना मारू लागतो. जग स्वच्छ करायचे म्हणून सुरू झालेला हा उद्योग ‘मीच नव्या जगाचा देव’ या घोषणेवर जातो. त्याच्या अंगावर झगा नाही, तो कोणत्या धर्माचाही नाही, आणि तरीही तो कॉर्नेलोचा सख्खा भाऊ आहे. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील परुशी मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानतो की मी इतरांसारखा नाही. हे तिघेही त्याच प्रार्थनेतून जन्मलेले आहेत. मागे उभा असलेला जकातदार मान वर करीत नाही, पण नीतिमान ठरून घरी जातो तो तोच.

येथपर्यंत लिहून थांबणे सोयीचे झाले असते. पण मग आम्हीही आमचे पाप बाहेर काढून कॉर्नेलोच्या अंगावर घातल्यासारखे झाले असते. म्हणून त्या रात्री मुलीला जे सांगितले ते येथेही सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी धर्मग्रामाच्या सणाच्या वर्गणीचा हिशेब आमच्याकडे होता. धानाच्या चुरण्यावर मजुरी करणाऱ्या एका कुटुंबाची दोन वर्षांची वर्गणी थकली होती. मिरवणुकीत क्रुसाच्या बाजूने मेणबत्ती धरायला त्यांच्या मुलाचे नाव होते. आम्ही ते नाव खोडले. ‘नियम सर्वांना सारखा’ असे म्हटल्याचे आठवते. फादरांना विचारलेसुद्धा नाही. मुलगा धुतलेला पांढरा सदरा घालून आला होता. त्याच्या बापाने वाद घातला नाही. मुलाचा हात धरून तो मिरवणूक संपेपर्यंत फाटकाबाहेर उभा राहिला. पुढच्या हंगामात ते कुटुंब कामासाठी गाव सोडून गेले, ते पुन्हा आमच्या दृष्टीस पडले नाही. हिशेब मात्र त्या वर्षी पैशाला पैसा जुळला होता.

आम्ही कोणाला फसवले नव्हते, की खोटा चमत्कार केला नव्हता. आम्ही केवळ निर्मळ होतो. कयफासुद्धा नियमानेच वागला होता. तो जांभळा झगा आम्ही नाटकापुरता घातला होता असे आम्हांला वाटत आले होते. त्या दिवशी फाटकाशी तो आमच्या अंगावर होता, आणि तेथे टाळ्या वाजवायला किंवा बोलणे टाकायला कोणी आजीबाई नव्हत्या.

हे ऐकून मुलगी लगेच काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, “मग तुम्ही पापनिवेदनात हे सांगितलं होतं?” आम्ही म्हणालो, “नाही. कारण ते पाप आहे हे कळलंच नव्हतं.” त्या पास्काच्या आधी ते सांगितले. त्या मुलाचा शोध मात्र आजवर लागलेला नाही, आणि देवाने क्षमा केली तरी त्याची क्षमा मागणे राहिलेच आहे.

त्याच मालिकेत एक प्रसंग आहे, तो आमच्या मनातून जात नाही. विन्री या मुलीचे आईवडील डॉक्टर होते. युद्धात त्यांनी ज्या जखमी माणसाचे प्राण वाचवले, त्यानेच वेदनेच्या आणि सूडाच्या भरात त्यांना ठार केले. देवाच्या नावाने सूड घेत हिंडणारा तो माणूस पुढे तिच्या समोर येतो, रक्त गळत असते. ती त्याला सांगते की मी तुला क्षमा केलेली नाही. आणि त्याची जखम बांधते. उपदेश नाही, चमत्कार नाही. आमच्या मुलीच्या प्रश्नाचे आम्हांला सापडलेले उत्तर त्या पट्टीत आहे. देवाच्या नावाने बोलणारा माणूस जखम बांधतो की जखम करतो, एवढे पाहावे. आणि ते दुसऱ्याच्या बाबतीत पाहण्याआधी स्वतःच्या बाबतीत पाहावे.

वाचक आईबापांना आमची एवढीच विनंती आहे. मुलांच्या हातातील प्रत्येक मालिका चांगली नसते. काहींत हिंसेचा आणि वासनेचा बाजार असतो, तेथे नाही म्हणण्याचे धैर्य आपल्याला हवे. परंतु केवळ खलनायकाच्या अंगावर झगा आहे म्हणून नाही म्हणू नये. शेजारी बसावे. मुलाला विचारावे की हा माणूस वाईट का झाला, तो कोणासारखा वाटतो, आणि त्याच्या गावात खरा भक्त कोण होता. मूल उत्तर देईल, आणि कदाचित त्या उत्तरात आपले नाव असेल. ते ऐकण्याची तयारी ठेवावी.

यंदा दुःखसहनाचे नाटक पुन्हा बसवावे असे धर्मग्रामातील तरुणांच्या मनात आहे. कयफा व्हायला नेहमीप्रमाणे कोणी तयार नाही. आम्ही आमचे नाव दिले आहे. झगा जुना झाला आहे, पण अजून बसतो.